भिंत फोडण्याचा अधिकार

वास्तूला माणसाहून मोठे आयुष्य असते. ती बांधणारा निघून जातो, तिच्यात राहणारा निघून जातो, ज्या हेतूने ती उभारली तो हेतूही काळाच्या ओघात नाहीसा होतो. वास्तू मात्र ऊनपाऊस झेलत उभी राहते. तिचे आता काय करावे, हा प्रश्न मागे राहिलेल्यांना सोडवावा लागतो. ती पाडावी काय? आहे तशी कुलूपबंद करून जपावी काय? की तिच्या जाड भिंती फोडून, खिडक्या मोठ्या करून, उजेड आणि वारा आत घेऊन तिच्यात नवा संसार थाटावा? वरवर पाहता हा प्रश्न आर्किटेक्टचा आणि गवंड्याचा आहे. परंतु थोडे खोलात शिरले की त्याच्या तळाशी एक नैतिक प्रश्न आढळतो. जे आपण बांधले नाही, ते बदलण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

आपल्या ठाणे जिल्ह्यात हा प्रश्न नवा नाही. घोडबंदरची टेकडी घ्या. खाडीवर नजर ठेवण्यासाठी पोर्तुगीजांनी तेथे किल्ला बांधला आणि किल्ल्यात चर्चही उभारले. १७३७ साली मराठ्यांनी साष्टी जिंकली आणि तेथील पोर्तुगीज अंमल संपला. पुढे इंग्रजांच्या अमदानीत त्या चर्चची वास्तू सरकारी अधिकाऱ्यांच्या उतरण्याचा बंगला म्हणून वापरली जाऊ लागली. जेथे एके काळी मिस्सा होत असे, तेथे फिरतीवरच्या साहेबांचे बिछाने पडू लागले. हे ऐकून श्रद्धावंताचे मन क्षणभर दुखावते, आणि ते स्वाभाविक आहे. पण दुसऱ्या बाजूने पाहता, त्या वास्तूवर छप्पर राहिले ते तिला कोणी तरी राहते केले म्हणूनच. वसईच्या किल्ल्यातील चर्चची गत आपण पाहतोच. तेथे कोणी संसार मांडला नाही. तेथे वड-पिंपळांनी मुळे रोवली.

ठाणे शहरातील किल्ल्याची कहाणी याच्या उलट आहे. तो पोर्तुगीजांनी १७३० साली बांधावयास घेतला, १७३७ मध्ये तो मराठ्यांकडे आला आणि १७७४ मध्ये इंग्रजांनी तो घेतला. इंग्रजांनी त्याचा उपयोग बंदिवान ठेवण्यासाठी केला. पेशव्यांचे कारभारी त्र्यंबकजी डेंगळे १८१६ साली याच किल्ल्यातून निसटले. पुढे त्याचे रीतसर कारागृह झाले. १९ एप्रिल १९१० रोजी अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे या तीन तरुणांना तेथेच फाशी देण्यात आली. एका वास्तूत माणसे विसाव्याला आली, दुसरीत माणसे कोंडली गेली. दोन्ही ठिकाणी मूळ हेतू बदललाच. तेव्हा केवळ बदल झाला म्हणून तो पाप ठरत नाही, आणि बदलाने वास्तू टिकली म्हणून तो पुण्यही ठरत नाही. बदलाने माणसाला मोकळे केले की कोंडले, हे पाहावे लागते.

येथे कोणी म्हणेल, पवित्र वास्तूची गोष्ट वेगळी. ती देवाला वाहिलेली. तिच्यात स्वयंपाकघर आणि शयनगृह कसे करावे? या शंकेचे उत्तर ख्रिस्तसभेने भावनेवर सोडलेले नाही. १९८३ च्या धर्मसंहितेतील १२२२ व्या कलमात त्याचा स्पष्ट विचार आहे. चर्च उपासनेस योग्य राहिले नसेल आणि त्याची दुरुस्तीही शक्य नसेल, तर महागुरुस्वामी ते ऐहिक उपयोगासाठी देऊ शकतात. मात्र तो उपयोग हीन असता कामा नये. इतर गंभीर कारणे असतील तर आणखी काही अटी आहेत. महागुरुस्वामींनी धर्मगुरूंच्या परिषदेचे म्हणणे ऐकून घ्यावे, त्या चर्चवर ज्यांचा रास्त हक्क आहे त्यांची संमती घ्यावी, आणि आत्म्यांच्या कल्याणाला बाध येणार नाही हे पाहावे. युरोपात हा प्रश्न आज निकडीचा आहे. हॉलंडमध्ये आणि इंग्लंडमध्ये कित्येक रिकाम्या चर्चमध्ये आता कुटुंबे राहतात. २०१८ च्या नोव्हेंबरात रोम येथे व्हॅटिकनच्या संस्कृतिविषयक परिषदेने या एकाच विषयावर जागतिक चर्चासत्र घेतले, आणि येथे देव आता राहत नाही काय, असा प्रश्नच त्याचे शीर्षक म्हणून योजला.

ऐहिक, परंतु हीन नव्हे, या भेदावर आम्हांला थोडे थांबावेसे वाटते. चर्चमध्ये मद्यालय निघणे आणि चर्चमध्ये एक कुटुंब राहणे या दोन्ही गोष्टी ऐहिक आहेत, पण त्या सारख्या नाहीत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली ख्रिस्तसभेविषयीच्या आपल्या संविधानात कुटुंबाला जणू घरातील ख्रिस्तसभाच मानले आहे. तेथे आईवडील हे आपल्या मुलांना श्रद्धेचा पहिला घास भरवणारे असतात. मग ज्या वास्तूत वेदी होती तेथे जेवणाचे पाट मांडले गेले, तर त्या वास्तूचे अधःपतन झाले असे कसे म्हणावे? जेथे रोज भाकरी मोडली जाते, आजाऱ्याची उशापायथ्याशी बसून सेवा होते आणि रुसलेल्यांचा समेट होतो, ती जागा देवाला परकी नसते.

किंबहुना इतिहासाचा ओघ उलटा आहे. आधी घर होते, चर्च मागाहून आले. प्रेषित पौल आपल्या पत्रांतून प्रिस्का व अक्विला यांच्या घरात जमणाऱ्या मंडळीला नमस्कार सांगतो. सीरियात फरात नदीच्या काठी दुरा-युरोपोस नावाचे नगर होते. १९३० च्या दशकाच्या आरंभी तेथील उत्खननात एक साधे राहते घर सापडले. इसवी सन २३२ च्या सुमारास त्याचे प्रार्थनागृह करण्यात आले होते. दोन खोल्यांमधली भिंत काढून तेथील ख्रिस्ती मंडळीने एक दालन केले आणि दुसऱ्या एका खोलीत बाप्तिस्म्यासाठी कुंड बांधले. २५६ साली नगराला वेढा पडला. तटबंदी भक्कम करण्यासाठी तटालगतच्या घरांत माती भरण्यात आली आणि त्या मातीखाली ते घर आपल्यासाठी जपले गेले. जगातील अतिप्राचीन ज्ञात चर्चपैकी एक हे असे भिंत फोडलेले घर आहे.

आणि इतक्या दूर तरी कशाला जावे? आपल्या ठाण्यात १३२१ साली तोलेंतिनोचे थॉमस, पादुआचे जेम्स, सिएनाचे पीटर आणि तिफ्लिसचे दिमित्रियस या चौघांनी रक्त सांडून साक्ष दिली. त्यांच्या पाठोपाठ आलेले प्रवासी ओडोरिक यांनी लिहून ठेवले आहे, की त्या वेळी ठाण्यात नेस्टोरियन ख्रिस्ती लोकांची पंधरा घरे होती आणि हे धर्मबंधू त्यांपैकीच एका घरात उतरले होते. म्हणजे ठाण्यातील श्रद्धेची पहिली लिखित खूण एका यजमान घराची आहे. कल्याणचे उदाहरण त्याहून बोलके आहे. सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या व्यापारी प्रवाशाने कल्लियाना येथे इराणातून अभिषिक्त होऊन आलेला बिशप असल्याची नोंद केली. ते कल्लियाना म्हणजे आपले कल्याण, असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्या बिशपच्या चर्चचा एक दगडही आज आपल्याला दाखवता येत नाही. तरीही कल्याण-डोंबिवलीत आज प्रभूच्या नावाने माणसे जमतात, आणि पुष्कळदा ती आधी कोणाच्या तरी फ्लॅटमध्येच जमलेली असतात.

मग दगडांचे काहीच मोल नाही काय? येथे उतावळेपणा करून चालणार नाही. इंग्रज लेखक जॉन रस्किन याने १८४९ साली वास्तुकलेवरील आपल्या ग्रंथात मोठ्या कळकळीने बजावले होते, की जुन्या वास्तू आपल्या मालकीच्या नाहीत. त्या काही अंशी बांधणाऱ्यांच्या आहेत आणि काही अंशी आपल्यामागून येणाऱ्या सर्व पिढ्यांच्या आहेत. हा विचार ख्रिस्ती मनाला जवळचा वाटावा. संतांच्या सहभागितेवर आपला विश्वास आहे, आणि त्या सहभागितेत मेलेली माणसे परकी होत नाहीत. ज्याने चार आण्यांची बचत करून एक तुळई आणली, त्या पणजोबांचे त्या तुळईवर काही एक चालते. तथापि रस्किनचे म्हणणे शेवटपर्यंत ताणले तर माणसाने जुन्या घरात राहूच नये, असा निष्कर्ष निघतो. शब्बाथ माणसासाठी झाला, माणूस शब्बाथासाठी नव्हे, ही प्रभूची शिकवण घरालाही लागू आहे. १९६४ च्या व्हेनिस सनदेने यातून मध्यम मार्ग काढला. वास्तू उपयोगात राहिली तर तिचे जतन सोपे होते, हे त्या सनदेने मान्य केले. मात्र उपयोगासाठी तिचे स्वरूप बिघडवू नये आणि जे नवे जोडले जाईल ते नवे म्हणून ओळखू यावे, अशी अट घातली. म्हणजे जुन्याची नक्कल करून डोळ्यांत धूळ टाकू नये. ही सत्याचीच अट आहे.

आता आपल्या घरांकडे वळू. ठाण्याच्या जुन्या गावठाणांत आणि कोळीवाड्यांत, तसेच कल्याणच्या जुन्या भागात, तीन-चार पिढ्यांची घरे अजून उभी आहेत. चुन्यात बांधलेल्या जाड भिंती, सागाच्या तुळया, वर मंगलोरी कौले, पुढे ओटा आणि मधोमध एक अंधारी खोली. त्या खोलीत धान्य असे, बाळंतिणीची खाट असे आणि भिंतीतल्या कोनाड्यात पवित्र मरियेची तसबीर असे. तो अंधार कोणाच्या अडाणीपणातून आला नव्हता. जाड भिंत वैशाखाचे ऊन थोपवी आणि लहान खिडकी आषाढाची झड अडवी. उजेड लागला तर कौलांत एखादे काचेचे कौल बसवीत; तेवढ्याने दिवसाचे काम भागे. ही कौले मंगलोरला बासेल मिशनच्या कारखान्यात १८६५ पासून बनू लागली आणि किनाऱ्याने आपल्यापर्यंत पोचली.

आज त्या घरांतील मुलांना अभ्यासाला उजेड हवा, आजीला दिवसा दिवा न लावता जपमाळ म्हणता यावी, ओल आणि दमा जावा, ही अपेक्षा रास्त आहे. उजेड ही चैन नव्हे. उत्पत्तीच्या पुस्तकात परमेश्वराच्या तोंडचा पहिला शब्द प्रकाशासाठी आहे. तेव्हा भिंतीत खिडकी काढण्याला आमचा आशीर्वादच आहे. परंतु जाणते कारागीर एक गोष्ट सांगतात. चुन्याची भिंत श्वास घेते. पावसाळ्यात ती ओल शोषते आणि उन्हाळ्यात सोडते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की ती ओल आत कोंडते आणि भिंत आतून कुजू लागते, बाहेरून मात्र ती गुळगुळीत दिसते. कुटुंबाचेही असेच असते. जुन्या गोष्टींवर घाईने चढवलेला गुळगुळीत थर आतल्या ओलीला वाट देत नाही.

काही वर्षांपूर्वी जुन्या ठाण्यातील अशाच एका घराच्या आशीर्वादासाठी आम्हांला बोलावणे आले. घर खरोखर सुंदर झाले होते. मधल्या खोलीचे छप्पर थोडे उचलून काच बसवली होती. दुपारचा उजेड थेट फरशीवर उतरत होता. तुळया तशाच ठेवल्या होत्या. कोनाडाही शाबूत होता. आशीर्वादाआधी आम्ही सहज विचारले, बहीण केव्हा येणार? घरात थोडी शांतता पसरली. मग थोरले भाऊ म्हणाले, "फादर, तिने सही करून दिली आहे." बहीण डोंबिवलीला दोन खोल्यांत राहत होती. दुरुस्तीचे काम अडू नये म्हणून तिच्याकडून हक्कसोडपत्र लिहून घेतले होते आणि त्यापुढे कोणी तिच्याकडे फिरकले नव्हते. आम्ही आशीर्वाद पंधरा दिवस पुढे ढकलण्याची विनंती केली. त्यांनी ती मानली, हा त्यांचा मोठेपणा. बहीण आली, मधल्या खोलीत बसली, आणि पुष्कळ वेळ वर काचेकडे पाहत राहिली. तिच्या वाट्याचा प्रश्न त्या दिवशी सुटला नाही. तो बोलण्यात मात्र आला.

त्या प्रसंगाने आम्हांला धर्मसंहितेतील ते कलम नव्या अर्थाने वाचावयास लावले. चर्चचे घर करताना ख्रिस्तसभा ज्या अटी घालते, त्याच अटी जुन्या घराचे नवे घर करताना आपण स्वतःला का घालू नयेत? पहिली अट कारणाची. भिंत फोडण्यामागे खरी गरज आहे, की शेजाऱ्याच्या घराची बरोबरी? दुसरी अट ऐकून घेण्याची. महागुरुस्वामींसारख्या अधिकारी पुरुषालाही धर्मगुरूंचे म्हणणे ऐकल्याखेरीज निर्णय करता येत नाही. मग घरातील कर्त्याने वडीलधाऱ्यांचे, सुनेचे आणि मुलांचे म्हणणे ऐकू नये काय? तिसरी अट संमतीची, आणि तीच सर्वांत अवघड आहे.

सही आणि संमती या दोन निराळ्या गोष्टी आहेत. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याने मृत्युपत्र नसेल तेव्हा ख्रिस्ती मुलीला मुलाइतकाच वाटा दिला आहे. तो वाटा तिने प्रेमाने सोडला तर ते तिचे दान. पण माहेर तुटेल या भीतीने सोडला तर ते दान नव्हे, तो दंड होय. भाडेकरूचेही असेच. तळमजल्यावरच्या खोलीत चाळीस वर्षे राहिलेल्या विधवेला कायद्याने काय मिळते हा एक प्रश्न झाला. तिला घराबाहेर काढून मिळालेल्या जागेत आपण दिवाणखाना केला तर तेथे बसून आपल्याला जपमाळ म्हणता येईल काय, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर वकील देईल. दुसऱ्याचे उत्तर ज्याचे त्याने द्यावयाचे आहे.

याला एक उत्तर हमखास दिले जाते. सर्वांची मने सांभाळत बसलो तर एकही घर उभे राहणार नाही. दहा वारसांचे दहा तोंडे, आणि तोवर वाळवी तुळई खाऊन टाकील. या म्हणण्यात तथ्य आहे. वारसांच्या भांडणात छप्पर कोसळलेली घरे आपण सर्वांनी पाहिली आहेत, आणि शेवटी ती जागा बिल्डरकडे जाऊन तेथे टॉवर उभा राहिल्याचेही पाहिले आहे. न्यायाच्या नावाने निर्णयच न करणे हाही एक अन्याय आहे. त्याचा फटका घरालाही बसतो आणि घरात राहणाऱ्या दुबळ्यांनाही बसतो. म्हणून संमती म्हणजे प्रत्येकाला नकाराचा हक्क, असा अर्थ आम्ही घेत नाही. ज्याचा हक्क आहे त्याला खरे सांगणे, त्याचे ऐकणे, त्याच्या वाट्याचे मोल प्रामाणिकपणे ठरवणे, ते आज देता येत नसेल तर केव्हा देणार हे लिहून ठेवणे, एवढा तिचा अर्थ आहे. पैसा कमी असेल तर काचेचे छप्पर पुढच्या वर्षी करता येते. बहिणीचा वाटा पुढच्या पिढीवर ढकलता येत नाही.

चौथी अट आत्म्यांच्या कल्याणाची आणि पाचवी हीनतेची. या दोन्ही आम्ही एकत्र घेतो. घर पूर्ण झाल्यावर त्यात कोण येऊ शकेल, यावरून ते हीन झाले की पवित्र राहिले हे समजते. जुन्या घराला ओटा होता. वाटसरू, कोळीण, शेजारचे म्हातारे तेथे टेकत. नव्या रचनेत ओटा काढून तेथे मोटारीसाठी जागा केली आणि वर जाळी बसवली, तर आत कितीही उजेड आला तरी घर बाहेरच्यांसाठी अंधारलेच. थोर पोप ग्रेगरी यांनी ६०१ साली इंग्लंडकडे निघालेल्या मेलिटस यांना कळवले होते, की तेथील लोकांची देवळे पाडू नका. त्यांतील मूर्ती काढा आणि ती वास्तू खऱ्या देवाच्या उपासनेला लावा, म्हणजे लोक आपल्या ओळखीच्या जागी येत राहतील. त्या सल्ल्यातील दुसरा भाग आपल्यासाठी मोलाचा आहे. ओळखीच्या माणसांना ओळखीच्या जागी येता यावे. वास्तू जपण्याचे एवढे तरी फळ असावे.

दावीद राजाला देवासाठी घर बांधावयाचे होते. नाथान संदेष्ट्याच्या मुखाने परमेश्वराने त्याला कळवले, की तू माझ्यासाठी घर बांधण्याऐवजी मीच तुझ्यासाठी घराणे उभारीन. घर आणि घराणे यांतील हा फरक आपण विसरतो. चुना, साग आणि काच यांनी घर उभे राहते. घराणे मात्र एकमेकांचे देणे ओळखण्याने उभे राहते. म्हणून ज्यांच्याकडे जुने घर आहे आणि ज्यांच्या मनात ते उजळावे असे आहे, त्यांना आम्ही एवढेच सुचवू. नकाशा काढण्यापूर्वी एका कागदावर नावे लिहा: ज्यांनी हे घर बांधले त्यांची, ज्यांचा त्यात वाटा आहे त्यांची, जे त्यात भाड्याने राहतात त्यांची आणि ज्यांना ओट्यावर बसायची सवय आहे त्यांची. गवंड्याला बोलावण्याआधी त्यांपैकी जे हयात आहेत त्यांच्याकडे जाऊन या, आणि जे हयात नाहीत त्यांच्यासाठी एक मिस्सा सांगा. त्यानंतर भिंत फोडायला हरकत नाही.